कोरडी फरशी

“थांबा, थांबा, मास्तर! तसंच कुठं निघालात आत? द्या तो पट्टा इकडं.”

“अहो मावशी, पण फोनवर बाई म्हणाल्या होत्या की ह्याला—”

“डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते त्यांच्यापाशी. फरशी बाई पुसतात का मी? चला गुंड्याशेठ, मागं जाऊन हलकं होऊन या. मग टेबलावर चढा, लोळा, काय राज्य करायचं ते करा.”

मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर. चाळीस चाळीस पोरं नुसत्या भुवईनं गप्प करणारा माणूस, पण जनावरांच्या दवाखान्याच्या दारात मावशीपुढं त्यांचं वाक्य अर्ध्यातच मोडलं. त्यांनी निमूट पट्टा तिच्या हातात दिला. गुंड्या त्यांचा अकरा वर्षांचा कुत्रा, आखूड पायांचा, पिंपासारखा. महिनाभर त्याच्या लघवीतून रक्त जात होतं आणि आज सोमवारी त्याच्या पोटाची सोनोग्राफी होती.

मावशीनं कमरेच्या जुडग्यातून किल्ली काढली, मागचं दार उघडलं, गुंड्याला खडी टाकलेल्या अंगणात नेलं आणि पुढच्या दोन दातांच्या फटीतून शिट्टी घातली. बारीक, लांबलचक, शेवटाला जरा वर वळणारी. गुंड्यानं तीनदा गोल गोल फिरून पाय वर केला. थांबला, कण्हला, परत केला. मावशी घाई करत नसे. शेवटचा थेंब पडेपर्यंत ती शिट्टी घालायची.

“हिच्या शिट्टीला मुतला नाही असा कुत्रा अजून जन्मायचाय,” असं दारावरचा वॉचमन येईल त्याला सांगायचा. वॉचमनला पुढचे दात नव्हते. त्यानंही एकदोनदा शिट्टी घालून बघितली होती, पण नुसतीच थुंकी उडाली आणि कुत्रं त्याच्यावर गुरगुरलं.

बावीस वर्षांपूर्वी मावशी कामाला लागली तेव्हा तिच्या पदरात दुसरीतला मुलगा होता आणि नवरा जाऊन तीन महिने झाले होते. कामाच्या तिसऱ्याच दिवशी एका वासराएवढ्या कुत्र्यानं टेबलावर उभ्या उभ्या धार सोडली. ती मोठ्या डॉक्टरांच्या बुटांवरून वाहत खालच्या विजेच्या बोर्डात शिरली, ठप्पकन आवाज झाला आणि दवाखाना अंधारात गेला. मोठे डॉक्टर सगळ्या लोकांदेखत ओरडले, “एवढंही सांभाळता येत नसेल तर उद्यापासून येऊ नका!” मावशी मागच्या अंगणात जाऊन तोंडात पदर कोंबून रडली. मग उठली, नाक पुसलं आणि त्या दिवसापासून कुठलंही जनावर तिनं भरलेलं आत जाऊ दिलं नाही. मोठे डॉक्टर गेले, बोर्ड बदलला, फरशीही बदलली. मावशीचा रिवाज काही बदलला नाही. दवाखान्यात येणारा माणूस नाक दाबून यायचा आणि आत आल्यावर हात खाली घ्यायचा. ह्या एका गोष्टीचा मावशीला जो तोरा होता, तो तिला मुलगा बस चालवायला लागला त्याचाही नव्हता.

सहा वर्षांपूर्वी नव्या डॉक्टरबाई आल्या आणि त्यांच्याबरोबर सोनोग्राफीचं मशीन आलं. त्यासाठी आतली खोली पडदे लावून अंधारी केली. मावशी कुत्रं त्या दारापर्यंत आणायची, आत सोपवायची आणि पुढचं आणायला वळायची. आत काय चालतं ते तिनं कधी बघितलं नाही. पोटावर थंड चिकट काहीतरी लावतात एवढं तिला ठाऊक होतं, कारण ते पुसायची फडकी तिलाच धुवावी लागत.

मावशीची कुत्री भुरी तिला ह्याच दवाखान्यात मिळाली. नऊ वर्षांपूर्वी कुणीतरी दोन-तीन वर्षांची कुत्री गेटला बांधून निघून गेलं. आठ दिवस तिला विचारायला कुणी आलं नाही, तेव्हा मावशी घेऊन गेली. राखेत लोळून आल्यासारखा रंग, एक कान उभा, एक पडलेला. घरात सून दुकानांसाठी उशांचे अभ्रे शिवायची आणि भुरी तिच्या मशीनखाली पायट्याला नाक लावून झोपायची. सुनेला कुत्री आवडत नाहीत असं सून म्हणायची, आणि पायटा मारताना नाक चेंगरू नये म्हणून एका पायानं शिवायची.

ह्या वर्षीच्या सुरुवातीला सुनेनं एक दिवस हाक मारली, “आई, तुमच्या लेकीनं माझ्या पांढऱ्या अभ्र्यावर सही केलीय बघा.”

“कसली सही?”

“गुलाबी.”

मावशीनं अभ्रा हातात घेतला, वास घेतला आणि दुसऱ्या दिवशी भुरीला कामावर घेऊन गेली.

डॉक्टरबाईंनी लघवी तपासली. जंतू निघाले. अँटिबायोटिकच्या गोळ्या सुरू केल्या. आठ-दहा दिवस भुरी बरी राहिली आणि परत अभ्र्यावर ठिपका. परत गोळ्या, परत दहा दिवस. मग सोनोग्राफी. मावशीनं भुरीला इतर कुत्र्यांपेक्षा जास्त वेळ मागं फिरवलं. परक्यांची कुत्री कोरडी आत न्यायची आणि आपल्याच कुत्रीनं टेबलावर सांडायचं, ही लाज तिला नको होती. भुरी शहाणी. शिट्टी ऐकली की पाय दुमडून बसायची आणि निघेल तेवढं सगळं काढून टाकायची.

“पिशवीची भिंत जाड दिसतेय,” बाई बाहेर येऊन म्हणाल्या. “सूज असेल. आत लघवीच नाही, त्यामुळे नीट कळत नाही. सारखी जाते ना ती, राहणार कशी? गोळ्या बदलून बघू.”

सहा महिन्यांत असं तीनदा झालं. तिन्ही वेळा जाड भिंत, सूज आणि वेगळ्या रंगाच्या गोळ्या.

मास्तरांचा गुंड्या सोमवारी आला, त्यालाही हेच सांगून घरी पाठवलं. मास्तर जाताना मावशीला हात जोडून गेले.

आणि मंगळवारी मावशी पडली. बावीस वर्षं दुसऱ्यांची फरशी कोरडी ठेवणारी बाई स्वतःच्या न्हाणीत साबणावरून घसरली. उजव्या मनगटाला प्लास्टर. सून आधी पोट धरून हसली, मग प्लास्टर बघून रडली, मग दोन्हीचा राग येऊन तिनं साबण खिडकीतून फेकून दिला. वॉचमनला कळलं तेव्हा तो म्हणाला, “चला, आता कुत्री मोकळी झाली.”

गुरुवारी भुरीला चौथ्यांदा न्यायचं होतं. पट्टा सुनेच्या हातात, मावशी मागून रिक्षातून उतरली. तिला बाकावर बसवलं. बावीस वर्षांत त्या बाकावर ती पहिल्यांदा बसली आणि बसताना आधी त्यावरून हात फिरवून धूळ बघितली.

“अगं, हिला मागं नेऊन आण,” ती सुनेला म्हणाली.

सून जाऊन परत आली. “दाराला कुलूप आहे. वॉचमन म्हणतो किल्ली तुमच्या जुडग्यात असते.”

जुडगं घरी खुंटीवर होतं.

“मग समोर रस्त्यावर ने.”

“आई, आपल्या आधी दोनच जण राहिलेत. आज तुम्ही पेशंटकडच्या आहात. गप बसा जरा.”

भुरी मावशीच्या पायाशी थरथरत उभी होती. तिला लागली होती हे मावशीला दिसत होतं. “दम धर गं बाई,” मावशी सारखी म्हणत होती, “दम धर. माझी अब्रू घालवू नको.” कुत्री तिच्या तोंडाकडं बघत राहिली आणि तिनं दम धरला.

आत अंधारात भुरीला पाठीवर निजवलं. सुनेनं पाय धरले, मावशीनं डाव्या हातानं डोकं. बाईंनी पोटावर चिकट लावलं, हातातला दांडा फिरवला आणि “वा,” म्हणाल्या, “आज छान भरलीय पिशवी.” मावशीचा जीव कानकोंडा झाला. मशीनच्या पडद्यावर काळंभोर डबकं दिसत होतं, काठ गुळगुळीत. मग दांडा जरा खाली सरकला आणि डबक्याच्या निमुळत्या टोकाशी, जिथून पाणी बाहेर जायचं तिथं, एक करडा, खडबडीत, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा गोळा दिसला. मावशीला मशीनचं काही कळत नव्हतं. पण तो तिथं नसायला हवा होता हे लहान पोरालाही कळलं असतं.

बाईंनी दांडा उचलला. “हिला कुशीवर करा.” केली. “आता उभी करा.” उभी केली, त्यांनी खालून दांडा लावला. “रक्ताची गुठळी असेल तर ती हलते,” त्या हळू म्हणाल्या, “कुत्रं वळवलं की घरंगळत खाली येते.” गोळा हलला नाही. ज्या भिंतीला होता त्याच भिंतीला चिकटून होता.

“काय आहे बाई?”

“गाठ आहे मावशी. वाईट गाठ. म्हाताऱ्या कुत्र्यांना होते. लघवीचा नमुना पाठवू बाहेर, पण मला शंका नाही.” त्यांनी दांडा वर नेला. “डाव्या बाजूची नळीही तुंबलीय. मूत्रपिंड फुगलंय.”

भुरीनं मावशीचं प्लास्टर चाटलं.

बाई पडद्याकडं बघत पुटपुटल्या, “तीनदा बघितलं मी. तीनदा. आज एवढी भरलेली कशी काय मिळाली?”

मावशीला वाटलं, बाई रागावल्या. “चुकलं बाई,” ती घाईघाईनं म्हणाली. “किल्ली घरी राहिली, म्हणून मागं नेता आली नाही. नाहीतर मी कधी एक थेंब तरी आत येऊ देते का? तिन्ही वेळेला पार रिकामी करूनच आणली होती. आजच तेवढं चुकलं.”

बाईंचा हात पोटावर होता तिथंच राहिला.

“मागं नेऊन रिकामी करता?”

“मग! सगळ्यांनाच करते.”

“सोनोग्राफीच्या कुत्र्यांनाही?”

“सगळ्यांनाच. बावीस वर्षं झाली.”

बाई स्टुलावर बसल्या. मग त्या भांडायचं नसलं की माणूस बोलतो तशा आवाजात म्हणाल्या, “मावशी, फुग्यातली हवा गेली की आत काय आहे ते दिसतं का? नुसत्या सुरकुत्या दिसतात. पिशवी भरलेली असली तरच बघता येतं. मी लोकांना फोनवर सांगते, यायच्या आधी दोन-तीन तास कुत्र्याला मुतू देऊ नका. तरी रिकामीच यायची. मला वाटायचं, दुखणंच तसलं, सारखी जातात, साठणार कुठून. बाहेर चौदा जनावरं थांबलेली असायची. मी कधी विचारलंच नाही, आणि तुम्ही इथल्याच म्हणून तुम्हाला सांगायचंही राहिलं.”

मावशीच्या कानात मास्तरांचं वाक्य वाजलं. “अहो मावशी, पण फोनवर बाई म्हणाल्या होत्या की ह्याला—” तसली किती वाक्यं तिनं दारात तोडली होती! कुणाचंच तिनं पुरं होऊ दिलं नव्हतं.

“पहिल्यांदाच दिसलं असतं तर?” तिनं विचारलं.

“कापता तेव्हाही आली नसती, जागाच अवघड आहे. पण ह्या गाठीवरच्या गोळ्या सुरू केल्या असत्या. कुणाला त्यावर आठ-दहा महिने बरे जातात. कुणाला नाही जात. खरंच सांगता येत नाही मावशी.”

“आणि आता?”

“गोळ्या देतेच. काही आठवडे. लघवी पार बंद झाली की लगेच घेऊन या, तिला तडफडू द्यायचं नाही.” मग त्यांनी सुनेकडं बघितलं, कारण मावशीकडं बघवेना. “माझी चूक आहे ही. मी विचारायला हवं होतं.”

मावशीला कुणीतरी ओरडायला हवं होतं. मोठे डॉक्टर असते तर सगळ्या लोकांदेखत ओरडले असते, आणि मागच्या अंगणात जाऊन रडता आलं असतं. बाईंनी चूक स्वतःकडं घेतली आणि मावशीकडं काहीच उरलं नाही, करायला नाही की सोसायला नाही.

दुपारभर ती घरात सुनेच्या मशीनशेजारी बसून राहिली. मशीन चालत होतं, सून एका पायानं पायटा मारत होती. मावशीला कुत्री आठवत होती. माणसांची तोंडं तिच्या लक्षात राहत नसत, कुत्री राहत. बेकरीवाल्याची लंगडी. दोघी बहिणींची आंधळी, जिला उचलून अंगणात न्यावं लागायचं. निवृत्त ड्रायव्हरचा दाढीवाला. गणवेश शिवणाऱ्या बाईंची काळी. म्हातारी कुत्री, रक्ताची तक्रार, “सूज आहे” म्हणून गोळ्या. दोनदा-तीनदा यायची आणि मग यायची बंद व्हायची. यायची बंद झाली म्हणजे बरी झाली, असं मावशी समजायची. वॉचमनलाही तसंच सांगायची, “बघ, बरं झालं की माणूस तोंडही दाखवत नाही.”

“आई, तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं,” सून म्हणाली.

“सांगत होते गं. मी ऐकून घेत नव्हते.”

“मग आता काय डोकं फोडून घेणार आहात? एक हात आधीच गेलाय.”

मावशी हसली नाही. सूनही हसली नाही. सुनेनं सुई थांबवली, दोरा तोडला आणि परत त्याच जागी शिवण घातली.

भुरी दर अर्ध्या तासानं दाराशी जाऊन उभी राहायची. मावशी तिला बाहेर न्यायची. सवयीनं ओठ जुळले की ती ते आवळून धरायची. भुरी मात्र वाट बघत उभी राहायची, एक कान वर, एक खाली, शिट्टीची वाट बघत. शिट्टी नाही म्हटल्यावर गोंधळायची. शेवटी मावशी तिच्यासाठी हळूच शिट्टी घालायची, आणि भुरी बसायची, ताण द्यायची, गुलाबी दोन थेंब पाडायची आणि काम फत्ते केल्यासारखी शेपूट हलवत तिच्याकडं यायची. त्या शेपटीकडं बघणं मावशीला सगळ्यात जड जायचं.

सोमवारी ती प्लास्टरसकट कामावर गेली. बाईंनी सहा महिन्यांतली म्हातारी कुत्री फोन करून परत बोलवायला सुरुवात केली होती. सहा जणांना फोन झाले होते. त्यांतली चार कुत्री राहिली नव्हती. गुंड्या त्या सकाळी यायचा होता. ते एकच मावशीच्या हातात होतं. मास्तर यायच्या तासभर आधीच तिनं मागच्या दाराला कुलूप लावून किल्ली वॉचमनकडं दिली आणि त्याला बजावलं, “मी मागितली तरी द्यायची नाही.”

“तू मागितल्यावर नाही म्हणायची माझी छाती आहे होय?”

“आज हवी.”

मास्तर आले. मावशी दारातच उभी होती. आज त्यांना पुरतं बोलू द्यायचं, असं ठरवून.

“मावशी, सकाळपासून त्याला बाहेर नेलं नाही बघा,” मास्तर लांबूनच म्हणाले. “बाईंनी निक्षून सांगितलंय. बिचारा रडवेला झालाय.”

“चांगलं केलंत मास्तर. तसंच आत न्या. सरळ आत.”

तेवढ्यात गुंड्याला ती दिसली. तिनं शिट्टी घातली नव्हती, ओठसुद्धा जुळवले नव्हते. पण पाच-सहा वर्षं ही बाई दिसली की काय करायचं असतं ते गुंड्याला पाठ होतं. तो थांबला, तीनदा गोल फिरला आणि तिथंच, दाराच्या आत, चकचकीत फरशीवर त्यानं पाय वर केला.

“अरे नको! गुंड्या, नको!” मास्तर ओरडले. मावशी ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला आणखी जोर आला असता. ती भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. धार पडत असल्याचा आवाज येत होता. थांबली, गुंड्या कण्हला, परत पडायला लागली.

बाई बाहेर आल्या. फरशीवरचं गुलाबी पाणी त्यांनी बघितलं, मावशीची पाठ बघितली.

“हरकत नाही,” त्या म्हणाल्या. “पाणी पाजा त्याला. दोन तास थांबू. मावशी, तोवर तुम्ही जरा...”

“दिसणार नाही मी त्याला,” मावशी म्हणाली.

ती फडकी धुवायच्या खोलीत गेली आणि आतून दार लावून घेतलं. खोली दोन पावलांची. एक नळ, एक टब, दोरीवर फडकी. डाव्या हातानं फडकी चोळता येत नव्हती, म्हणून ती पायानं तुडवत राहिली. बाहेर गुंड्या नखं वाजवत हिंडत होता, भांड्यातलं पाणी लपलप पीत होता. एकदा तो दाराखालच्या फटीशी येऊन हुंगत उभा राहिला. मावशीनं श्वास रोखला, पाय उचलून टबाच्या काठावर घेतले आणि तोंडावर प्लास्टर दाबून धरलं. मास्तरांनी त्याला ओढून नेलं.

दोन तासांनी दारावर टकटक झाली. बाईच होत्या. त्यांनी दार ढकललं नाही, बाहेरूनच बोलल्या.

“दिसली मावशी. लहान आहे अजून. पण पिशवीच्या तोंडाशीच आहे. गोळ्या आजच सुरू करतेय.”

“मास्तर?”

“बाकावर बसलेत, गुंड्याला धरून.”

“त्यांना पाणी द्या,” मावशी म्हणाली.

बाईंच्या चपला दूर गेल्या. थोड्या वेळानं गेट वाजलं. त्यावरून मास्तर गुंड्याला घेऊन गेले हे तिला कळलं, आणि तेव्हाच तिनं दार उघडलं. दाराच्या आत सकाळचा डाग वाळून पिवळट कडा धरून बसला होता. दोन तासांत तो कुणीच पुसला नव्हता. बादली भरायला दोन खेपा लागल्या, कारण एकाच हातानं अर्धीच उचलता येत होती. गेटपाशी एक बाई पांढरं तोंड झालेल्या म्हाताऱ्या कुत्रीला घेऊन रिक्षातून उतरत होती. मावशीनं भिंतीकडं तोंड केलं आणि फरशी पुसायला घेतली.